सागाचा टॉप पावसाळ्यात वाकला: रंधा राहू द्या, आधी स्क्रू काढा

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात एप्रिलमध्ये घरीच सागाचं जेवणाचं टेबल केलं. टॉप पाच फूट बाय तीन फूट, नऊ-नऊ इंची चार फळ्या फेव्हिकॉलने जोडून, रंधा मारून २२ मिमी जाडीचा. चौकटीच्या पट्ट्यांतून खालून स्क्रू आवळून तो घट्ट बसवला, वरून लाख पॉलिश केलं. आता जुलैत दोन्ही लांब कडा दीड सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) वर आल्यात, एका पायाजवळचा सांधा उघडलाय आणि पॉलिशवर पेल्यांचे पांढरे गोल उमटलेत. गणपतीला पाहुणे येणार आहेत, तोवर सुताराकडून रंधा मारून सपाट करून वर पीयू (पॉलियुरेथेन पॉलिश) मारून घ्यावा का, आणि कुठला?

पीयू कुठला हा यातला शेवटचा प्रश्न आहे. तुमचं पॉलिश बिघडलंय ते निराळं, पण टॉप वाकण्याशी त्याचा संबंध एवढाच की ते एकाच बाजूला आहे. खालच्या बाजूबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही, म्हणजे ती कोरीच असणार. खरी अडचण अशी की लाकूड रुंदीत वाढलंय, एका बाजूने जास्त वाढलंय, आणि स्क्रूंनी त्याला जागचं हलू दिलेलं नाही.

आकडेच मांडू. तीस अंश तापमानाला हवेत ३० टक्के आर्द्रता असेल तर लाकूड शेवटी साधारण ६ टक्के ओलाव्यावर स्थिरावतं, ८० टक्के असेल तर १५-१६ टक्क्यांवर. एप्रिल-मेची पुण्यातली दुपार आणि जुलैची झड यांत एवढा फरक सहज असतो. इंचभर फळी तो सगळा फरक लगेच घेत नाही, तिला आठवडे लागतात, त्यामुळे घरातलं लाकूड ८ वरून १३ टक्क्यांवर गेलं असं धरू. सागाची फळी, सपाट चिरलेली (टोकाला वलयं आडवी दिसतात अशी) असेल तर, दर एका टक्क्याला रुंदीच्या सुमारे ०.१९ टक्के हलते. तीन फूट म्हणजे ९१५ मिमी. पाच टक्क्यांना साडेआठ मिमी, जवळजवळ पावणेतीन सूत. उभ्या वलयांची फळी असती तर साडेचार-पाच मिमीवर भागलं असतं. लांबीत म्हणाल तर हिशेबात धरण्याइतकंही हलत नाही, म्हणूनच पाच फुटांच्या बाजूला तुम्हाला काही दिसलं नाही. आता हे पावणेतीन सूत जाणार कुठे? स्क्रूंनी टॉप चौकटीला बांधलेला. मग तो चौकट ढकलतो आणि पायाजवळचा सांधा उघडतो. सांध्याला तुम्ही गोंद कमी लावला असेल ही शंका मनातून काढून टाका, तिथे कुसू (पायाच्या खाचेत बसणारं पट्टीचं टोक) कितीही नीट बसलेलं असतं तरी हेच झालं असतं.

कडा वरच का आल्या, खाली का नाही गेल्या? दोन कारणं, आणि तुमच्याकडे बहुतेक दोन्ही आहेत. पहिलं, वरची बाजू पॉलिशने झाकलेली, खालची उघडी. ओलावा खालून लवकर शिरला, खालची बाजू फुगली, जास्त रुंद झाली; फळीचं पोट खाली आणि कडा वर. दुसरं कारण बघायला टॉपच्या आखूड कडेशी वाका आणि फळ्यांच्या टोकाला वलयांच्या रेषा कशा आहेत ते पाहा. रेषा वाटीसारख्या, तोंड वर करून असतील तर त्या फळीचा गाभा वरच्या बाजूला आहे. अशी फळी ओलावा घेते तेव्हा सालीकडची बाजू फुगते, म्हणजे पुन्हा कडा वर. गाभ्याकडची बाजू रंगाने देखणी, तिच्यात पांढरा भाग कमी, म्हणून हौसेने काम करणारे चारही फळ्या गाभा वर ठेवून जोडतात. मग चारही फळ्या एकाच दिशेने वाकतात आणि टॉपची एक मोठी पन्हळ होते. रेषा आलटून-पालटून असत्या तर तीन फुटांत छोट्या-छोट्या लाटा आल्या असत्या, ज्या हाताला लागतात पण ताटाखाली कळत नाहीत.

काही गोष्टी तुमच्या घरावर अवलंबून आहेत. मुंबईत आणि कोकणपट्टीत हवा बारा महिने दमट, त्यामुळे लाकूड तिथे मुळातच जास्त ओलाव्यावर बसलेलं असतं आणि वर्षभरातला चढउतार पुण्यापेक्षा कमी. नागपूर-चंद्रपूरकडे उन्हाळा कोरडा ठणठणीत, पण घरात कूलर लावला की त्याच खोलीत मे महिन्यात जुलै येतो. कूलरच्या झोतात टेबल ठेवणाऱ्यांचा टॉप भर उन्हाळ्यात एका बाजूने वाकतो. एसीच्या खोलीतलं लाकूड पावसातही कोरडं राहतं. लाकूड कुठलं घेतलं यानेही फरक पडतो. वखारीत ‘सीपी’ म्हणून मिळणारा साग म्हणजे जुन्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेसच्या भागातला, विदर्भ-मध्य प्रदेशाकडचा. तो चांगला की आयात केलेला, यावर वखारवाले तासभर बोलतील. वाकण्याच्या बाबतीत महत्त्वाचं एवढंच की तो कोवळा आहे का आणि वाळलाय का. आणि ‘जुन्या वाड्याचं लाकूड हलत नाही’ हा समज खोटा आहे. ते आतून वाळलेलं असतं, नव्याने पीळ घेत नाही हे खरं. पण हवेतला ओलावा ते नव्या लाकडाइतकाच घेतं आणि सोडतं.

आता रंधा का नको. आज कडा दीड सूत, म्हणजे पावणेपाच मिमी वर आहेत. दोन्ही बाजू सपाट करायच्या तर २२ मिमीतले तेवढेच जाणार आणि सतराच्या आसपास उरणार. पाच बाय तीनच्या टॉपला ते फार बारीक. त्यापेक्षा वाईट पुढे आहे. फुगलेली बाजू तुम्ही फुगलेल्या अवस्थेत सपाट केली. डिसेंबरात तीच बाजू आकसेल आणि टॉप उलटा वाकेल, मध्ये उंच, कडा खाली. मग पुन्हा रंधा मारणार का? शिवाय वर ताजा पीयू आणि खाली कोरं लाकूड ठेवलंत तर पुढच्या जुलैत पुन्हा हेच.

आज करायचं ते अर्ध्या तासाचं काम आहे. टॉपचे सगळे स्क्रू काढा. सगळे, ‘दोन ठेवतो’ असं नको. काढताना दोघे जण असा, टॉप जोर धरून बसलेला असेल तर शेवटचा स्क्रू सुटताना चौकट टक्कन हलते. उघडलेला सांधा बऱ्याचदा इथेच आपोआप मिटतो; मिटला तर त्यात गोंद ओतू नका, आधी बघू द्या. टॉप एका आखूड कडेवर भिंतीला टेकून उभा करा, खाली दोन पट्ट्या, मागे वीतभर जागा, दोन्ही बाजूंना वारा लागेल असा. पंखा चालेल. ऊन नको, कारण ऊन एकाच बाजूला लागतं आणि सुरुवात होते दुसऱ्या आजाराची. पावसाळ्यात तो पूर्ण सपाट होईल अशी आशा धरू नका. अर्धा सूत उतरला तरी पुष्कळ. खालच्या बाजूला आताच पॉलिशचा हात मारावा असं वाटेल. मारू नका. पॉलिश ओलावा थांबवत नाही, फक्त त्याचं येणं-जाणं मंदावतं, आणि आत आलेला ओलावा आता बाहेर जायला हवाय.

गणपतीसाठी टॉप परत चौकटीवर ठेवायचा तो लाकडी गुटक्यांनी. हे गुटकेच तुमचा कायमचा इलाज आहेत, म्हणून सविस्तर सांगतो. चौकटीच्या पट्टीच्या आतल्या बाजूला, वरच्या काठापासून १२ मिमी खाली, १० मिमी रुंद आणि १२ मिमी खोल खाच पाडा. गुटका सागाचा किंवा कुठल्याही कठीण लाकडाचा, २० मिमी जाड, ३० मिमी रुंद, ४५ मिमी लांब, लाकडाच्या रेषा (तंतू) लांबीच्या दिशेने. आडव्या रेषांचा घेतलात तर जीभ पहिल्या आवळण्यालाच तुटते. त्याच्या एका टोकाला वरून ११ मिमी कापून ९ मिमी जाडीची जीभ ठेवा, १० मिमी लांब. हा १२ आणि ११ चा एक मिमी फरक मुद्दाम आहे. गुटका टॉपला स्क्रूने आवळला की जीभ खाचेच्या वरच्या काठावर दाबते आणि टॉप खाली ओढला जातो. स्क्रू ३२ मिमीचा: २० गुटक्यात, १२ फळीत. ३८ चा घेतलात तर फळीत १८ जातो, डोकं जरा खोल बसलं की वरून टोक डोकावायला फारसं काही उरत नाही.

लांब पट्ट्यांना तीन-तीन आणि आखूड पट्ट्यांना दोन-दोन गुटके पुरे. आखूड पट्टीवर टॉप पट्टीच्याच दिशेने हलतो, म्हणून तिथली खाच गुटक्यापेक्षा दोन्हीकडे ५-५ मिमी लांब ठेवा. आखूड पट्टीच्या बरोबर मध्यावर मात्र एक-एक स्क्रू घट्ट मारायचा, म्हणजे टॉप मध्याला धरला जातो आणि वाढ दोन्ही बाजूंना निम्मी-निम्मी वाटली जाते. लांब पट्टीवरच्या गुटक्यांत लोक हमखास चुकतात ते ऋतूच्या हिशेबात. पावसात टॉप सगळ्यात रुंद असतो. तो आकसला की गुटका आत सरकतो आणि जीभ खाचेतून बाहेर येते. म्हणून पावसाळ्यात बसवताना जीभ पूर्ण आत सारून गुटका आवळा. साडेआठ मिमीचा निम्मा भाग, चार-सव्वाचार मिमी बाहेर आला तरी जीभ पाच-सहा मिमी आत राहते. हेच काम उन्हाळ्यात करत असाल तर गुटक्याचा खांदा आणि पट्टी यांत ५ मिमी फट सोडा, नाहीतर वाढायला जागा राहणार नाही आणि गुटका पट्टीला ढकलत बसेल.

पांढरे गोल त्या मानाने किरकोळ आहेत. लाखेच्या थरात ओलावा अडकला की ती दुधाळ दिसते. पाऊस थांबलेल्या, ऊन पडलेल्या दिवशी मऊ सुती कापड डिनेचर्ड स्पिरिटमध्ये बुडवून घट्ट पिळा, हाताला जेमतेम गार लागेल इतकंच ओलं, आणि गोलावरून झरकन एक-दोनदा फिरवा. थांबलात तर कापड चिकटतं आणि पॉलिश उपटतं. थर किंचित विरघळतो, ओलावा निघून जातो, डाग उतरतो. गरम कुकरने पडलेले डाग खोलवर असतात, ते यानं जात नाहीत. आणि पावसाच्या दिवशी लाखेचा नवा हात मारूच नका: स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर दव धरतं आणि आख्खं टेबल पांढरं होतं.

पुढचं काम दिवाळीनंतर. पण ‘दिवाळी झाली, करा सुरू’ असं नाही, लाकडाला विचारून. टॉपच्या फळ्यांचा एखादा तुकडा उरला असेलच. टोकाची दोन-तीन इंच सोडून आतला चार-पाच इंची भाग कापा, त्यावर पेन्सिलने तारीख आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावरचं वजन लिहा, आणि तो टेबलाच्याच खोलीत ठेवा. दर रविवारी वजन करा. सलग दोन आठवडे वजन बदललं नाही की लाकूड स्थिरावलं. नेमका आकडा हवा असेल तर शेवटी तो तुकडा ओव्हनमध्ये १०० ते १०५ अंशांवर, वजन कमी व्हायचं थांबेपर्यंत वाळवा. आधी २६२ ग्रॅम होता, वाळून २३८ झाला, तर गेले २४ ग्रॅम, भागिले २३८, म्हणजे साधारण १० टक्के. पुण्यात हिवाळ्यात टॉपचं काम करायला ९ ते ११ छान. ओलावा मोजायचं पिनांचं मीटर असेल तर सोपंच, फक्त त्यावर लाकडाची जात निवडायची सोय आहे का बघा.

आता सरळ पट्टी तीन फुटांवर आडवी धरा. एक सुतापर्यंत बाक उरला असेल तर हात लावू नका, गुटके तेवढा खेचून धरतात. त्याहून जास्त उरला तर फळ्यांचे जोड चिरून टॉप पुन्हा बांधायचा. जोडांवर तीन काप आणि प्रत्येक फळी मध्यातून चिरायची, ते चार, सात काप. प्रत्येक कापाला पातं आणि रंधा मिळून ५ मिमी धरा, एकूण ३५ मिमी जातात. ९१५ चा टॉप ८८० चा होतो. जेवायला बसणाऱ्याला कळणारही नाही. हाती आलेल्या साधारण साडेचार इंची आठ पट्ट्या, वलयं एक वर एक खाली अशा लावा, आणि जिथे एक सुंदर बाजू खाली जाते तिथे जाऊ द्या.

सागाला गोंद लावताना दोन गोष्टी पाळाव्या लागतात. लाकूड मुळात तेलकट असल्याने कडेला रंधा मारला की त्याच दिवशी गोंद लागला पाहिजे. दोन दिवस ठेवलीत तर तेल वर येतं. तरी लावण्यापूर्वी थिनरच्या फडक्याने कड पुसा आणि पाच-दहा मिनिटं सुकू द्या. गोंद पाणी सहन करणारा घ्या, जेवणाच्या टेबलावर रोज ओलं फडकं फिरणार आहे. शिकंजे (क्लॅम्प) दर नऊ-दहा इंचांवर, एक वरून एक खालून, नाहीतर नुसत्या दाबानेच टॉप वाकतो. सांध्यातून गोंदाचे बारीक मणी रांगेत दिसले की दाब पुरे. धो-धो आला तर गोंद जास्त झाला, काहीच आलं नाही तर सांधा उपाशी. बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने पुसायची सवय मोडा. पातळ झालेला गोंद लाकडाच्या छिद्रांत बसतो, तेव्हा दिसत नाही, आणि पॉलिशचा पहिला हात पडला की सांध्याशेजारी फिकट पट्टा उमटतो. तासाभराने तो रबरासारखा झाला की पटाशीने खरवडा. शिकंजे एक दिवस ठेवा. साग पात्यांची धार फार लवकर खातो, त्याच्यात वाळूच्याच जातीची सिलिका असते. कार्बाइडचं पातं वापरा आणि रंध्याला मधूनच धार द्या, नाहीतर कड चमकते पण सरळ होत नाही.

आता तुमचा पीयू. जुन्या लाखेवर तो मारता येणार नाही. साध्या लाखेत मेण असतं, पीयू त्यावर धरत नाही, वर्षभरात नखाने सुटतो. लाख स्पिरिटने आणि घासणीने पूर्ण काढा, मग ८०, १२०, १८० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर, रेषेच्याच दिशेने. मधला नंबर गाळू नका, ८० चे ओरखडे २२० ने जात नाहीत, फक्त गुळगुळीत होतात. तपासायला खोलीत अंधार करून मोबाईलची बत्ती टॉपवर आडवी धरा. आडवे ओरखडे तेव्हाच दिसतात. छोट्या भेगांसाठी लांबी (भेगा बुजवायची पुट्टी) विकत आणण्यापेक्षा त्याच सागाचा बारीक भुसा मेण काढलेल्या लाखेत कालवून भरा. भुसा फेव्हिकॉलमध्ये कालवलात तर तो ठिपका पॉलिश पीत नाही.

दोन डब्यांचा, हार्डनर घालायचा पीयू सर्वांत टणक; पण तो फवाऱ्याने मारायचा, घरच्या बाल्कनीतलं ते काम नाही. हार्डनरमधला आयसोसायनेट फुप्फुसांना वाईट आहे, कापडी मास्कचा काही उपयोग नाही, आणि दमट हवेत तोच पाण्याशी मिळून बुडबुडे धरतो. तो हवा असेल तर जाणकार पॉलिशवाल्याला द्या. स्वतः करायचं असेल तर मी सिंगल पॅक पीयू सुचवीन: निम्मा पीयू, निम्मं मिनरल टर्पेंटाइन, सुती कापडाच्या बोळ्याने पुसत लावायचं. सहा हात, दोन हातांमध्ये चोवीस तास, दर दुसऱ्या हातानंतर ३२० चा पेपर हलकाच. साग तेलकट, म्हणून पहिल्या हाताआधी पुन्हा थिनर, आणि पहिला हात सुकायला दीड-दोन दिवस लागले तर घाबरू नका. पाच बाय तीनच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या लिटरचा डबा सहसा पुरतो.

दोन्ही बाजूंना, हे पुन्हा लिहितो, कारण इथेच कंटाळा येतो. खालची बाजू १२० पर्यंतच घासली तरी चालेल, पण हात तितकेच हवेत. आखूड कडांना, जिथे रेषांची टोकं उघडी असतात, दोन हात जास्त. ओलावा तिथून सगळ्यात वेगाने आत जातो.

पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. सिंगल पॅक पीयू, बेलतेल (उकळलेलं जवसाचं तेल), कच्चं जवसाचं तेल यांची बोळा केलेली फडकी सुकताना आतून तापतात आणि पेटू शकतात. दोरीवर एकेक मोकळं पसरून कडक होईपर्यंत वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून मग फेका. शेवटच्या हातानंतर टेबल आठवडाभर मोकळं सोडा; चार दिवसांत वर प्लॅस्टिकचं कव्हर किंवा काच टाकलीत तर ते तिथेच चिकटेल.